शेवटच्या एकशे चव्वेचाळीस बाटल्या

लीलंड पातनोडच्या बिअरच्या प्रत्येक बाटलीच्या गळ्यावर ती भरली त्या दिवसाची तारीख असे. चष्मा न लावता वाचता येईल एवढी मोठी. तिच्याखाली एकच ओळ: 'नव्वद दिवसांत प्या, नाहीतर पिऊ नका.' सव्वीस वर्षं तो हे इमानेइतबारे छापत होता आणि सव्वीस वर्षं हार्लन गाव ते न वाचताच बाटल्या उघडत होतं. वाचायची गरजच पडत नसे. शुक्रवारी घरात आलेली बाटली रविवारपर्यंत तग धरायची नाही.

त्या वर्षी मे महिन्यात त्याने ब्रुअरी बंद करायचं ठरवलं. गुडघ्यांनी राजीनामा दिला होता आणि डॉक्टरीणबाईंनी पोती उचलायला सक्त मनाई केली होती. जाता जाता त्याने एक शेवटचा घाणा काढला, आणि नशिबाची गंमत अशी की सव्वीस वर्षं जी बिअर हुलकावणी देत होती ती नेमकी त्या घाण्यात उतरली. झाकण उघडलं की आधी पपनसाच्या सालीचा वास, मग पाइनच्या चिकाचा, आणि मागाहून बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉपच्या वेलींचा, फुलं तोडायच्या दिवसांत सगळ्या यॅकिमा खोऱ्याला येतो तो. तिसऱ्या आठवड्यात त्याने आणि आर्डिथने, म्हणजे त्याच्या बायकोने, पडवीत बसून एक बाटली संपवली. लीलंडने रिकामा ग्लास पुन्हा हुंगला. मग म्हणाला, "जमली गं."

उरलेल्या एकशे चव्वेचाळीस बाटल्या घरटी एक अशा जूनमधल्या एका शनिवारी विकल्या गेल्या. चाळीस मिनिटांत खलास. लीलंड घरी जाऊन शांतपणे वाट बघत बसला, की आता कुणीतरी येईल आणि म्हणेल, अरे लीलंड, काय केलंस हे!

कुणी आलं नाही. एक आठवडा गेला, दोन गेले, चार गेले. दुकानात, चर्चबाहेर लोक त्याच्या गुडघ्यांची चौकशी करायचे. बिअरबद्दल अवाक्षर नाही. रात्री तो कूस बदलत पडायचा. आपल्याच जिभेने आपल्याला फसवलं की काय, असं त्याला वाटू लागलं.

बाटल्या भरल्यापासून अठ्ठावन्नाव्या दिवशी तो कोंबड्यांचं खाद्य आणायला ड्वेनच्या दुकानात गेला आणि दारातच थबकला. गल्ल्यामागच्या फळीवर काचेच्या पेटीत त्याची बाटली उभी होती. वरून छोटा दिवासुद्धा सोडला होता.

"ड्वेन, हे काय आहे?"

"तुझा पुतळा उभारायला पैसे नव्हते, म्हणून," ड्वेन खूश होऊन म्हणाला. "कशी दिसतेय?"

"दिसायला काय करायचंय? प्यायची असते ती! आणि उजेडात ठेवलीस? उजेडाने काय होतं माहितेय? स्कंकने ढुंगण वर केल्यासारखा वास मारते!"

"मग बरंच आहे ना, उघडणारच नाही मी. शेवटची आहे, बाबा. नातवाच्या लग्नात काढीन."

"तुझा नातू चार वर्षांचा आहे!"

"म्हणून तर म्हणतो, चांगली मुरेल."

लीलंडने कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या गावात कुणी असं बोललं असतं तर त्याने सोडून दिलं असतं. पण हार्लनच्या तिन्ही बाजूंना हॉपचे मांडव आहेत, इथली पोरं त्या वेलींखाली खेळून मोठी होतात. हॉपचा कडवटपणा बाटलीत राहतो, वास मात्र दिवसागणिक उडतो आणि वर्षाने ओला पुठ्ठा चघळल्यासारखी चव उरते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि तरी हे शहाणे बाटली सजवून बसले होते.

खाद्य तिथेच टाकून तो गावभर फिरला. वाचनालयातल्या मोझेलबाईंनी बाटली 'गावाचा इतिहास' लिहिलेल्या कपाटात ठेवली होती, नंबर चिकटवून. तमालेवाल्या ओफेलियाने तर कहर केला होता. तिने ती मारियामातेच्या तसबिरीपुढे ठेवली होती, आणि शेजारी मेणबत्ती जळत होती.

"ओफेलिया, अगं, शिजतेय ती!"

"आशीर्वाद मिळतोय तिला. तुझ्या गुडघ्यांसाठी लावलीय मेणबत्ती. गप बस आणि खा." तिने त्याच्या हातात मक्याच्या पानांत वाफवलेले दोन गरम तमाले कोंबले.

संध्याकाळपर्यंत त्याने एकोणीस घरं पालथी घातली. एकोणीस बाटल्या, सगळ्या झाकणबंद. लोकांचं त्याच्यावर प्रेम होतं, त्यात शंका नव्हती. त्या प्रेमापायीच त्याची सगळ्यात चांगली बिअर फळ्यांवर बसून मरत होती, आणि आणखी महिन्याभरात जगात तिची चव घेतलेली दोनच माणसं उरणार होती. घरी येऊन त्याने हे सगळं आर्डिथला सांगितलं.

"सांग ना त्यांना, की उघडा," ती म्हणाली.

"सांगितलं की! हसतात. म्हणतात, लीलंड, तू फार विनयशील." तो खुर्ची ओढून बसला. "एकच उपाय आहे. बाटल्या खराब निघाल्यात म्हणून जाहीर करायचं."

आर्डिथने हातातली सुरी खाली ठेवली. "काय खराब?"

"फेसासाठी घालायची साखर जास्त पडली, आत दाब वाढलाय, कधीही फुटतील. घरी उघडू नका, फेकू नका, शनिवारी दुपारी थंड करून ब्रुअरीत आणा. मी स्वतः उघडतो. आता आणली, उघडली, तर ओतून द्यायची थोडीच? पितीलच."

"सव्वीस वर्षांत तुझी एक बाटली कधी परत आली नाही, लीलंड. एक! जिमी ट्रेव्हिसने फुटकी म्हणून आणली होती, ती सुद्धा त्याने स्वतःच ट्रकखाली घातलेली निघाली. आणि आता, सगळं आटोपल्यावर, तूच उठून सांगणार की माझा माल खोटा?"

"हो."

"मला नाही पटत."

"मलाही नाही पटत," लीलंड म्हणाला आणि कागद शोधायला लागला.

सूचना पोस्टात लागली, चर्चमध्ये लागली, ड्वेनच्या दारावर लागली. गावात एकच खळबळ उडाली. शनिवारी, एकोणसत्तराव्या दिवशी, दुपारी दोनला ब्रुअरीच्या अंगणात जी मिरवणूक आली ती बघून आर्डिथलाही हसू आवरेना. ओफेलिया भट्टीचे जाड हातमोजे घालून बाटली अंगापासून हातभर लांब धरून आली. मोझेलबाईंनी ती मोटारीत मागच्या सीटवर पट्टा बांधून बसवली होती आणि ताशी दहा मैलांनी चार गल्ल्या पार केल्या होत्या. ड्वेन वेल्डिंगचा मुखवटा घालून आला, हातात वाळूची बादली, बादलीत बाटली.

लीलंडने पहिली बाटली हातात घेतली. सगळे चार पावलं मागे सरले. फुस्स. झाकण निघालं, बोटभर पांढराशुभ्र फेस आला आणि शहाण्यासारखा गळ्याशीच थांबला.

"वाचलो," ड्वेन मुखवट्याआडून म्हणाला.

"नशीब," लीलंड म्हणाला आणि ग्लास भरायला लागला.

त्यानंतरचा तासभर तो आयुष्यात विसरणार नाही. अंगणातला गोंगाट हळूहळू कमी होत गेला. लोक घोट घ्यायचे, ग्लासात डोकवायचे, पुन्हा वास घ्यायचे. उजेडात राहिलेली ड्वेनची बाटली खरोखरच जरा मारत होती, ती त्याने मुकाट्याने कुंपणापाशी ओतली आणि दुसऱ्याच्या बाटलीला ग्लास लावला. हॉपच्या शेतांवर जन्म काढलेला म्हातारा गस्ताफसन डोळे मिटून उभा होता. "आमच्या शेताचा वास आहे हा," तो म्हणाला. "तोडणीच्या पहिल्या सकाळचा. हा बाटलीत कसा घातलास रे?" लीलंडने गस्ताफसनचा ग्लास पुन्हा भरला.

आर्डिथ दाराशी यादी घेऊन बसली होती. चारच्या सुमारास तिने वर पाहिलं. एकशे एकतीस आल्या होत्या. तेरा अजून यायच्या होत्या.

तेवढ्यात मुखवटा डोक्यावर सरकवून ड्वेन मोठ्याने म्हणाला, "लीलंड, अशी बिअर मी जन्मात प्यायलो नाही. आणि हिच्याच वेळी साखर चुकावी? काय दुर्दैव! सव्वीस वर्षं लोक तुझ्या हाताची खात्री देत आले, आता प्रत्येक जण हीच चूक सांगणार बघ."

अंगणात बऱ्याच माना डोलल्या. कुणी वाईट नव्हतं, पण सगळ्यांनाच ते पटलेलं दिसत होतं. लीलंडच्या जिभेच्या टोकावर आलं होतं, की मूर्खांनो, साखर ग्रॅमला ग्रॅम बरोबर होती! मग त्याला त्या तेरा आठवल्या. खरं काय ते बाहेर पडलं असतं तर पाच मिनिटांत त्या तेरा जणांना फोन गेले असते आणि त्या बाटल्या जन्मभरासाठी फळीवर गेल्या असत्या. त्याने तोंड मिटलं आणि मान खाली घातली.

"साखर मी मोजली होती," आर्डिथ म्हणाली.

सगळे वळले.

"त्याचे गुडघे दुखत होते म्हणून त्या दिवशी मी बसले वजनकाट्याशी. चष्मा घरी राहिला होता. त्याला नावं ठेवू नका, चूक माझी आहे."

"अगं आर्डिथ!" ओफेलिया ओरडली आणि एकदम हशा उसळला. ताण होता तो सुटला. ड्वेन म्हणाला, "तरीच! मी म्हटलं, लीलंडच्या हातून असं होणं शक्यच नाही. बाई, तुझे केकसुद्धा गोडमिट्ट असतात!" कुणीतरी आर्डिथच्या नावाने ग्लास उंचावला. मोझेलबाई म्हणाल्या, हेही इतिहासाच्या कपाटात लिहून ठेवायला हवं. दहा मिनिटांत सगळं गाव तिची थट्टा करत होतं आणि ती उलट उत्तरं देत होती.

साखरेच्या त्या काट्याला लीलंडने सव्वीस वर्षांत कुणालाही हात लावू दिला नव्हता. तिलासुद्धा नाही. त्यावरून त्यांची दोनदा कडाक्याची भांडणं झाली होती.

तो तिच्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहिला. आर्डिथने यादीतून मान वर केली नाही. "उभा काय राहिलास?" ती म्हणाली. "फाटकाशी बघ, ट्रेव्हिस आलाय बाटली घेऊन. आता बाराच राहिल्या."