घनिमाची ओळ

"हळू गं बये, मांडी आहे माझी, कणीक नव्हे!" दा मोखरान कळवळले.

स्वातंत्र्ययुद्धात फ्रेंचांशी लढताना लागलेली त्यांची जखम दर हिवाळ्यात चिघळते, आणि मी नर्स आहे त्या दवाखान्यात ते पट्टी बांधून घ्यायला आणि माझा उद्धार करायला येतात.

"तुझ्या आत्याचा हात हलका होता. डोंगरातल्या गुहेत घनिमानंच गोळी काढली माझी. पुढे त्या गुहेवर बॉम्ब पडला, त्यात गेली."

"कुठली घनिमा? मला आत्याच नाही, दा."

ते काठी शोधू लागले. "बापाला विचार. घरचं घरच्यांनी सांगावं."

संध्याकाळी विचारलं, तेव्हा आईच्या हातातली चाळण थांबली. बाबांना मोठी बहीण होती. स्वातंत्र्यानंतर हुतात्म्यांची नावं घ्यायला मंडळी आली, तेव्हा आजोबांनी मुलगी तापानं गेली म्हणून सांगितलं. शाळेत मी हुतात्म्यांची गाणी घसा फोडून गायले होते, आणि घरातली एक माझ्यापासून लपवली होती. माझा नुसता संताप झाला.

"उद्या चौकात हुतात्म्यांच्या नावांचा नवा दगड कोरतायत, बाबा. तिचं नाव सांगा."

"बाप्यांत राहिली ती. लोक विचारतील, झोपत कुठं होती?"

"ते बाप्ये कुठं झोपत होते, ते विचारलं कुणी?"

"जेजिगा, जीभ आवर," आई म्हणाली. पण ती रडत होती.

गावसभेत बायका जात नाहीत. दुसऱ्या दिवशी मी चौकाच्या कठड्याबाहेर उभी राहिले. दा मोखरान पायामुळे आले नव्हते. दगड कोरणाऱ्या कारागिराने विचारलं, "कुणी राहिलंय का?"

बऱ्याच वेळाने बाबा उठले. "माझी बहीण. ताप नव्हता तो. लिहा."

"नाव?"

बाबांनी भोवतालच्या पुरुषांकडे पाहिलं. चारचौघांत घरच्या बाईचं नाव घ्यायची आमच्याकडे रीत नाही. "लिहा... अकलीची बहीण." अकली म्हणजे बाबा स्वतः.

"घनिमा!" मी कठड्यापलीकडून ओरडले. सगळ्यांनी ऐकलं. कारागिराने बाबांकडे पाहिलं. बाबा खाली बघत राहिले. त्याने बाबांनी सांगितलं तेच कोरलं.

घरी येताना ते हुंदके देत होते. "सांगितलं गं पोरी, एकदाचं सांगितलं." त्यांना जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि गदागदा हलवावंसंही.

शुक्रवारी दा मोखरान काठी टेकत दगडापाशी आले. त्यांना वाचता येत नाही.

"यातली घनिमा कुठली?"

मी त्यांचा हात धरून शेवटच्या ओळीवर ठेवला. माझ्या बापाच्या नावावरून त्यांनी सावकाश बोटं फिरवली.

"छान कोरलंय," ते म्हणाले.