मास्तरांची कॉलर

शिंपीमास्तरांच्या घरी मांजराचं पिल्लू द्यायला प्राणी-आश्रमाच्या बाईंचं मन धजत नव्हतं. "दोरा दिसला की खेळणार, खेळता खेळता गिळणार, आणि त्याला सुई असली की संपलंच! आठवडाभर ठेवून बघा. सुई-दोरा एकदा जरी उघडा राहिला, तर मी परत घेऊन जाईन," त्यांनी बजावलं. मास्तरांची बायको जोरजोरात मान डोलवत होती. मास्तरांनी नुसतं "हं" केलं. मांजराचं खूळ बायकोचं, आपलं काय जातंय?

गटाराच्या पाइपातून काढलेलं ते मूठभर पिल्लू, पण उचापती केवढ्या! पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या पँटच्या एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर आलं. शिलाई मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखं खोलीभर गरगर फिरतं म्हणून नाव पडलं बॉबिन.

पण एक गोष्ट मास्तरांना काही केल्या उमगेना. जेवताना बॉबिन त्यांना हिंग लावूनही विचारायची नाही. कामाला बसून जरा वेळ झाला, की पँटवरून पाठीवर, पाठीवरून खांद्यावर, आणि मानेशी खुडबुड सुरू! मास्तरांनी खुर्ची फिरवून पाहिली, शर्ट बदलून पाहिला, आरशात मान वाकडी करकरून पाहिली. मानेला होतं काय? सुरकुत्या!

"हिला माझ्यात काय सापडलंय कोण जाणे," ते म्हणाले.

"माया लागलीय हो तिला तुमची," बायको म्हणाली.

झालं! मास्तर असे काही फुलले, की येईल त्या गिऱ्हाइकाला आधी बॉबिनचं कौतुक आणि मग नेहमीचं "उद्या या."

एका दुपारी कोटाला कच्चा टाका घालताना ते दार उघडायला उठले. परत येऊन बघतात तो लाल दोऱ्याची सुई गायब! आणि टेबलाखाली बॉबिन जिभल्या चाटत बसलेली. मास्तरांचं धाबंच दणाणलं.

दोघांनी खोली पिंजून काढली. लोहचुंबक फिरवलं, तर जुन्या टाचण्या निघाल्या, ती सुई नाही. बायकोला रडू फुटलं. "गिळली हो तिनं!" एकमेकांकडे बघायलाही फुरसत नव्हती. बॉबिनला टोपलीत घातलं आणि डॉक्टरकडे धूम ठोकली.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. "पोट एकदम साफ आहे."

दोघांचा जीव भांड्यात पडला. "मग सुई गेली कुठे?" मास्तरांनी विचारलं.

तेवढ्यात टेबलावरून बॉबिननं त्यांच्या खांद्यावर झेप घेतली आणि कॉलरमागे लोंबणारा लाल दोरा पकडला. डॉक्टरांनी चटकन तिचा पंजा धरला. दोऱ्याच्या टोकाला कॉलरमध्ये सुई टोचलेली! काम जरा थांबलं, की सुई कॉलरला खोचायची, ही शिंप्याची जन्माची सवय. हाताचं काम हात करून मोकळा, डोक्याला पत्ताच नाही.

डॉक्टर पोट धरून हसले. मास्तरांचा चेहरा मात्र पडला. म्हणजे इतके दिवस ती आपल्याकडे येतच नव्हती, दोऱ्याकडे येत होती. आणि बाईंनी बजावलेली उघडी सुई आपणच अंगावर मिरवत होतो.

"बाईंना कशाला सांगायचं?" बायको घरी आल्यावर हळूच म्हणाली.

"उद्या खरंच गिळली तर?" मास्तरांनी स्वतःच फोन लावला.

दुसऱ्या दिवशी बाई रिकामी टोपली घेऊन हजर. बायको पदरात तोंड लपवून कोपऱ्यात उभी. मास्तरांनी कानाला खडा लावला होता. सुया झाकणाच्या डबीत, कॉलर मोकळी. हात सवयीनं मानेपर्यंत जायचा आणि ओशाळून खाली यायचा. आता ही वर कशाला येईल? त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि ते लपतही नव्हतं.

बॉबिननं टोपली हुंगली, आत बसूनही पाहिलं. बाईंनी झाकणाकडे हात नेला. तशी ती टुणकन बाहेर पडली आणि पँटवरून, पाठीवरून थेट खांद्यावर. कॉलर या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगली. दोरा नव्हता. तरी तिथंच अंगाचं वेटोळं केलं आणि डोळे मिटले.

बाईंनी सुयांची बंद डबी पाहिली, मोकळी कॉलर पाहिली. मग त्यांनी रिकाम्या टोपलीचं झाकण लावलं. "कॉलर अशीच मोकळी ठेवा म्हणजे झालं," त्या म्हणाल्या.

त्या बाहेर पडतात न पडतात तोच दारात गिऱ्हाईक. "मास्तर, माझा कोट?"

मास्तरांनी मान तसूभरही हलवली नाही. हळूच पुटपुटले, "उद्या या. आज खरंच खांदा रिकामा नाही."