थोरलीचं आवरणं

"खरं सांगा ताई. इथे तुम्हाला कुणी रागावणार नाही."

"खरंच सांगतेय हो."

"तेल?"

"थेंब नाही."

"लोणी, साय?"

"नाव घेतलं नाही."

"तळलेलं काही?"

"वास घेतला. वासातसुद्धा चरबी असते का?"

समोरची बाई हसली नाही. ती रुग्णालयातली आहारतज्ज्ञ होती, वयाने थोरलीच्या निम्मी. तिने टेबलावरचा संगणकाचा पडदा थोरलीकडे वळवला. पावसाळी ढगासारखं काहीतरी करडं दिसत होतं. ते थोरलीचं यकृत. महिनाभर बिनतेलाचं, बिनसायीचं, नुसतं उकडलेलं खाऊनही त्यावरची चरबी बूड न हलवणाऱ्या भाडेकरूसारखी होती तिथेच होती.

"डॉक्टरांनी अजून तीन आठवडे दिलेत," बाई हळू आवाजात म्हणाली. "त्यापुढे तुमच्या भावाला थांबता येणार नाही."

धाकट्याचं यकृत निकामी झालं होतं. त्याने आयुष्यात दारूचा घोट घेतला नव्हता, तरी लोक कानाशी लागून विचारायचेच, 'घ्यायचा का हो?' जुन्या काविळीने आतल्या आत पोखरलं होतं त्याला. कुणीतरी आपल्या यकृताचा तुकडा द्यायचा, छाटलेल्या वेलीसारखं ते दोघांकडेही पुन्हा वाढतं, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. बायकोचा रक्तगट जुळेना. आईवडील कधीच गेलेले. उरली थोरली बहीण. तिचं सगळं जुळलं. आडवी आली ती चरबी. ती उतरली तरच तुकडा घेता येणार होता.

बाहेर बाकावर धाकटा बसला होता, डोळ्यांत हळद विरघळल्यासारखा पिवळा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. शेजारी त्याची बायको, मांडीवर कागदांची पिशवी धरून.

"काय ताई, पास की नापास?"

"निकाल राखून ठेवलाय."

"म्हणजे कॉपी सापडली वाटतं," तो हसला आणि हसता हसता दमला. "असू दे गं. मी अडकलोय दोन मजल्यांच्या मध्ये. वर घ्या नाहीतर खाली सोडा, पण दार उघडा म्हणावं कुणीतरी."

भावजय हसली नाही. तिने थोरलीकडे पाहिलं, मानेपासून पोटापर्यंत, शिंपी माप घेतो तसं. थोरलीला ती नजर कळली. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "कामावर जाते. उशीर झालाय."

कपडे शिवायच्या कारखान्यात थोरली काजबटणं करायची. आधीच हात मंद झाला होता. सकाळी उकडलेला भोपळा, दुपारी उकडलेला भात आणि उकडलेली कडधान्यं, रात्री भाज्यांचं पाणी, ज्याला आहारतज्ज्ञ सूप म्हणायची. मीठ तेवढं चालायचं. पहिल्या आठवड्यात जिभेने भांडण केलं, दुसऱ्यात रुसली, मग गप्प झाली. तेल नसलं की घास तोंडात फिरत राहतो, घशाखाली जायला वाट शोधतो, हे थोरलीला या वयात कळलं. ओठ फुटले. दुपारी दोरा ओवताना सुईचं एक नेढं दोन दिसायचं.

शेजारच्या यंत्रावरची जाडी तिला सोडायची नाही. "काय गं, या वयात बारीक होऊन कुणाला दाखवायचंय?"

"तुझ्या नवऱ्याला."

"ने बाई ने. पण परत नाही घेणार हो मी!"

सगळ्या हसायच्या. थोरलीने कामावर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की द्यायचं लांबच राहतं, नुसता गवगवा होतो, असं तिला वाटायचं. कारखान्याचे मास्तर कधीतरी चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "सुईकडे डोळ्यांत तेल घालून बघत जा."

"मास्तर, डोळ्यांतसुद्धा बंद आहे सध्या."

त्या दिवशी तिने काही विनोद केला नाही. तीन बोटांना सुई टोचून घेतली, आणि दिवसभर एकच विचार करत राहिली: माझं काय चुकतंय? मी तर काही खात नाही.

संध्याकाळी भावजय घरी आली. न सांगता आली. धाकट्याला शेजाऱ्यांच्या हवाली करून आली होती. "सहज," म्हणाली. पण सहज आलेलं माणूस दाराशी चप्पल काढून आधी स्वयंपाकघराकडे बघत नाही.

थोरलीने नेहमीप्रमाणे दोन शेगड्या पेटवल्या. एकीवर घरच्यांचं, फोडणीचं, परतलेलं, खमंग, दुसरीवर तिचं. नवरा पाणीमीटर वाचत उन्हातान्हात फिरून आलेला, मुलगा आणि मुलगी अभ्यासावरून उठलेली. सगळे जेवायला बसले. थोरली वाढत होती. भावजय समोर बसून घास चिवडत होती आणि नणंदेचा हात कुठे जातो ते बघत होती. हात कुठेच गेला नाही. थोरलीने उभ्याउभ्या आपला वाडगाभर भोपळा संपवला, वर पाणी प्याली. भावजयीचा चेहरा थोडा सैल झाला.

मग सगळे उठले. थोरली एकटी स्वयंपाकघरात राहिली. भावजय हात धुऊन पाणी प्यायला आत आली, आणि उंबऱ्यातच थांबली.

थोरली ओट्याशी उभी होती. मुलाच्या ताटलीतले बटाट्याचे तळलेले काप तिने तोंडात टाकले. नवऱ्याने सोडलेली पावाची लोणी लावलेली कड घेतली, तिने कढईचा तळ पुसला, तेलमसाल्यासकट गिळली. मग दुधाचं पातेलं कुशीत घेतलं आणि चमच्याने कडेची साय खरवडू लागली. खरखर, खरखर. चेहऱ्यावर चव नव्हती, चोरीही नव्हती. केर काढताना असतो तसा चेहरा.

"वन्सं, काय खाताय?"

"कुठे काय? आवरतेय."

"वन्सं!"

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. मग हातातल्या चमच्याकडे. चमच्यावर जाड पिवळसर खरवड होती. ती दुसऱ्याच कुणाच्या हातात असावी तशी थोरली तिच्याकडे बघत राहिली.

"हे रोज?"

"रोज आवरावंच लागतं की."

"आणि त्या बाईला सांगितलं नाहीत?"

"तिने विचारलं, काय खाता. हे..." थोरली अडखळली. "हे खाणं कुठे असतं?"

तिची आई असंच करायची. घर जेवून उठलं की ओट्याशी उभी राहायची आणि भांडी रिकामी करता करता गुणगुणायची,

*जेवलं गं माझं घर, सुख दाटे काठोकाठ*
*माझ्या वाटणीला बाई, पातेल्याचा गोड काठ*

चार घरच्या बायका ते ऐकून हसायच्या. थोरलीने ते गाणं कधी म्हटलं नाही, पण काठ तेवढा घेतला. अन्न टाकायचं नाही, शिळं ठेवायचं नाही, वेगळं ताट मांडायचं नाही. लग्नानंतर कधीतरी तेच तिचं जेवण झालं आणि त्याला जेवण म्हणायचं राहून गेलं.

"तो मरतोय वन्सं," भावजय म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "तुम्ही साय खरवडताय, आणि तो तिकडे रात्रभर खाजेने अंग ओरबाडतोय. मला वाटलंच होतं. तुम्हाला द्यायचंच नाहीये. तोंडावर 'नाही' म्हणवत नाही, म्हणून चोरून खाताय."

"चोरून?" थोरलीने पातेलं खाली ठेवलं. "लग्न झाल्यापासून सगळ्या घरादेखत खातेय. कुणी बघितलंच नाही, त्याला मी काय करू?"

आवाज ऐकून नवरा दारात आला होता. तो एकदा ताटल्यांकडे, एकदा बायकोकडे बघत होता.

"मला वाटायचं, आपल्याकडे काही उरतच नाही," तो म्हणाला.

भावजय पुढे झाली, तिने नळ सोडला आणि दुधाच्या पातेल्यात पाणी ओतलं. साय पांढऱ्या चिंध्यांसारखी वर तरंगली. थोरलीने डोळे मिटले. कुणी लेकराला चापट मारली असती तरी तिला एवढं लागलं नसतं.

मग भावजयच खाली बसली, ओट्याला पाठ टेकून, आणि रडली. थोरली तिच्याजवळ बसली. म्हणाली, "रडू नकोस. तीन आठवडे आहेत ना? आता मला कळलंय."

कळलं, पण हाताला कळायला वेळ लागला. हात आपणहून ताटलीकडे जायचा. टाकायला गेली तर केराच्या डब्यावर थबकून राहायचा. शेवटी नवरा म्हणाला, "तू ऊठ इथून. मी घासतो." तो वाईट घासायचा, अर्धा साबण संपवायचा, कढईला तेलाचा हात तसाच राहायचा. मुलगी बेताचं वाढून घ्यायला शिकली. मुलगा शेवटचा कण टिपून ताटली दाखवायचा, "बघ आई, पुसली. आता बघू नकोस माझ्याकडे, जेवताना पोलीस उभा असल्यासारखं वाटतं."

आणि आता थोरलीला खरी भूक लागली. इतके दिवस तिला उभं ठेवलं होतं ते त्या काठाने. उकडलेला भोपळा म्हणजे नुसती सोंगाची पूजा होती. पोटात कावळे ओरडणं म्हणजे काय ते तिला समजलं. कावळे दमले, मग पोटात नुसती पोकळी वाजत राहिली. जिन्याची पायरी उंच झाली. अंगावरचे कपडे खुंटीला टांगल्यासारखे लोंबू लागले. एकदा कामावर ती टेबलावर डोकं टेकून बसली ती उठेचना. जाडीने पाणी मारलं, आणि खरं काय ते त्या दिवशी थोरलीने सांगून टाकलं. जाडीने थोरलीच्या पुढ्यातला शर्टांचा गठ्ठा ओढून आपल्याकडे घेतला आणि म्हणाली, "बारीक हो बाई. पाहिजे तेवढी हो."

भावजय रोज संध्याकाळी यायची. धाकट्याला जेऊ घालून, झोपवून यायची. थोरलीला बसवायची, स्वतः समोर बसायची आणि तेच उकडलेलं स्वतःच्या वाडग्यात घ्यायची.

"तू कशाला खातेस हे? तुला काय झालंय?"

"बघते तरी, काय देताय ते आमच्यासाठी."

पहिला घास घेऊन तिने तोंड वाकडं केलं. "अगंबाई! वन्सं, हे खाऊन माणूस जगतं?"

"एक जगवायचंय ना अजून," थोरली म्हणाली.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा तपासणी झाली. आहारतज्ज्ञ पडद्याकडे बघत राहिली. मग उठली आणि टेबलाला वळसा घालून आली. तिने थोरलीचे दोन्ही हात धरले. चरबी उतरली होती. डॉक्टर म्हणाले, "सुंदर. आता तारीख घेऊ."

थोरली बाहेर आली तेव्हा बाक रिकामा होता. धाकट्याला सकाळीच ताप भरला होता, त्याला वरच्या मजल्यावर नेलं होतं. छातीत जंतुसंसर्ग झाला होता. तो संसर्ग हटल्याशिवाय चिरता येत नव्हतं. तिला आधी काचेआड उभं केलं, मग तोंडाला कापड बांधून आत सोडलं.

"पास झाले रे," ती त्याच्या कानाशी म्हणाली.

त्याने डोळे उघडले. बराच वेळ तिच्याकडे बघितलं. "किती वाळलीस ताई," तो म्हणाला. "जेव आता."

"तुझं झालं की जेवीन."

ताप उतरला, पुन्हा चढला. तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली. थोरलीने खाण्यात काही बदल केला नाही. कुणी सांगितलंही नाही. एका दुपारी, ती काज करत असताना, मास्तर फोन ठेवून स्वतः उठून तिच्या टेबलापाशी आले. मास्तर कधी कुणाच्या टेबलापाशी येत नसत. तिने सुई टोचून ठेवली आणि उभी राहिली.

पुढे बऱ्याच दिवसांनी दोघी नणंदभावजया रुग्णालयात गेल्या. धाकट्याची काही कागदपत्रं, चष्मा आणि घड्याळ न्यायचं राहिलं होतं. भावजय खिडकीपाशी सही करत होती. थोरली आहारतज्ज्ञ बाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

"या ना ताई," बाई गडबडून उठली. "बसा. तब्येत कशी आहे? खायला लागा आता हळूहळू. पण जपून. इतकी मेहनत घेतलीत, आता अगदी स्वच्छ झालंय सगळं."

"तेच विचारायचं होतं," थोरली म्हणाली. "दुसऱ्या कुणाला चालेल का?"

"काय?"

"तुकडा. इथे कुणी थांबलेलं असेल ना? तयारच आहे, म्हणून विचारलं."

"तसं नाही चालत हो," बाई म्हणाली. "नात्यातलंच लागतं. नियम आहे."

"बरं," थोरली म्हणाली.

ती बाहेर आली. दोन्ही हात मोकळे होते आणि ते कुठे ठेवावे हे तिला सुचत नव्हतं. घर झाडून, सारवून, दार उघडं ठेवावं आणि यायचं माणूस वळणावरूनच माघारी फिरावं, तसं तिला आतून वाटत होतं. प्रवेशदाराच्या पायरीवर ती बसली. माणसं बाजूने जात होती, येत होती.

भावजय आली. घड्याळ तिने मनगटात घातलं होतं, सैल, कोपरापर्यंत घसरणारं. "चला वन्सं," म्हणायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. थोरलीचा हात उजव्या बरगडीखाली होता, कुणी झोपलेलं असावं तसा हलका ठेवलेला.

भावजय शेजारी बसली. थोड्या वेळाने तिने त्या हातावर आपला हात ठेवला. दोघी तशाच बसून राहिल्या, ऊन पायरीवरून उतरेपर्यंत.