हवा काढून घेतल्यावर

आईनं शिवणयंत्राचं पायडल थांबवलं आणि दातांनी दोरा तोडला.

"आता नीट सांग. हवा काढली की माणूस फुटतो ना?"

"नाही गं! सुजतो, फुटत नाही. कातडी तुझ्या शिवणीपेक्षा पक्की असते."

"माझ्या शिवणीला नावं ठेवू नकोस."

लेक हसली. तिचं काम अंतराळात घालायचे पोशाख तपासायचं. पोशाख स्वतः चढवून ती एका लोखंडी खोलीत उभी राहायची आणि बाहेरचे लोक पंपानं आतली हवा काढून घ्यायचे. आईला हे काम पहिल्यापासून खुपत होतं. त्यात लेक मध्येच सुट्टी काढून आली, ती का, हे गुलदस्त्यातच. आता सोमवारी परत जायचं म्हणत होती. माझं समाधान कर आणि खुशाल जा, नाहीतर राजीनामा दे, असं आईनं बजावलं होतं. आणि ही बाई बजावते तेव्हा घरातलं मांजरसुद्धा मुकाट्यानं ऐकतं.

"मग गोठतो? टीव्हीवर तर क्षणात बर्फ होतो."

"टीव्हीचं काय घेऊन बसलीस! थर्मासच्या दोन भिंतींमध्ये पोकळी असते, म्हणून तर चहा गरम राहतो. अंगातली ऊब ओढून न्यायला तिथे हवाच नसते. निवायला वेळ लागतो."

हे आईला फारच आवडलं. तिनं खुर्ची पुढे ओढली.

"मग होतं तरी काय?"

"दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते. त्याआधी जिभेवरची लाळ उकळते. भाजत नाही काही, नुसती बुडबुडते."

"अगं बाई! चव कशी लागते?"

"चव नाही लागत. फक्त झिणझिण..."

लेक थांबली. मान वर न करता आई हातातली बाही बोटांनी दाबत राहिली.

"कुठे उसवलं होतं?"

"उसवलं नाही. हवेची नळी निसटली."

"आणि माझ्यापासून लपवलंस."

"तू परत जाऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं. बाहेर कोणी काढलं?"

"आमची एक ताई काचेपाशी बसते, सारखी नजर ठेवून. मी कोसळले आणि तिनं लगेच हवा आत सोडली."

"सोमवारी काचेपाशी कोण आहे?"

"तीच."

आईनं सुईत दोरा ओवायला घेतला. दोनदा चुकला.

"तिला जेवायला बोलाव."

"उद्या?"

"उद्या कशाला? सोमवारचं काम आटोपलं की. दोघी या."