गठ्ठ्याची वाट कोणी ठरवायची

आमच्या लॉन्ड्रीत कपडे मी धूत नाही, पण माझ्या शब्दाशिवाय एक रुमालही वाळत नाही. गठ्ठा निघाला की चिठ्ठीवर पत्ता, आणि पत्त्याखाली वाट. तीही मी सांगेन तीच. शिकले चौथीपर्यंत, पण या शहरातला रस्ता न् रस्ता माझ्या पायाखालचा आहे.

परवा हॉस्पिटलचे ऑपरेशनचे गाऊन बाराच्या आत पोचवायचे होते. उशीर झाला तर काम दुसऱ्याला, असं तिथल्या मोठ्या नर्सबाईंनी सुनावलं होतं. थोरल्या मुलाकडून मी चिठ्ठी लिहून घेतली: 'हॉस्पिटल. खालच्या दुकानावरून.' जावयाने गठ्ठा टेम्पोत टाकून आमच्या दोन दुकानांपैकी खालच्या दुकानाकडे नेला; तिथे धाकटा मुलगा बसतो.

साडेदहाला त्याचा फोन. "सासूबाई, खालच्या दुकानापुढचा पूल बंद आहे. म्हणून धाकट्याने गठ्ठा वरच्या दुकानात धाडला. तिथे काकूंनी चिठ्ठी वाचून परत खाली पाठवला."

"मग?"

"मग धाकट्याने परत वर. तिसरी फेरी चालू आहे. टेम्पोचा झोपाळा झालाय नुसता."

वरच्या दुकानात माझी जाऊ बसते. तिला फोन लावला. "डोळे फुटले का गं? पूल बंद आहे!"

"ताई, मला इथून पूल दिसत नाही, तुमची चिठ्ठी दिसते. मागे एकदा तिच्यातली वाट मोडली, तर आठवडाभर बोलणी खाल्ली."

सून घरात बसून कंप्युटरच्या नेटवर्कचं काम करते. तिला हसू आवरेना. "आई, आमच्याकडेही यावरूनच भांडणं. नेटवर्कचे थर असतात. वरच्या थराने फक्त कुठे जायचं ते सांगायचं. वाट मधला थर ठरवतो, प्रत्येक नाक्यावर, पुढचा रस्ता बघून. खालचा नुसता वाहून नेतो. वरच्याने वाटही ठरवली की माल असा गरगरतो."

"आणि इथे वरचा थर कोण?"

ती नखं बघायला लागली. "तुम्ही."

"म्हणजे मला अक्कल नाही?"

"अक्कल आहे, आई. पूल दिसत नाही."

अकरा वाजून गेले होते. मी पुन्हा जावेला फोन लावला. "गठ्ठा आला की चिठ्ठीवरची दुसरी ओळ खोड."

"तुमची ओळ? मी?"

"खोड म्हणते ना!"

"मग पाठवू कुठून?"

रस्ता अगदी जिभेवर आला होता. गिळला. "दुकानात तू बसतेस का मी? तुझं तू बघ."

बाराला सात मिनिटं असताना नर्सबाईंचा फोन आला: गाऊन पोचले.

कुठून नेले, ते मी विचारलं नाही. जावई सांगायला लागला, त्यालाही गप्प केलं. लांबूनच नेले असणार, मला ठाऊक आहे.