राखाडी बाहेर येईना

वायरमनला एका जागी बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. अशा माणसाच्या घरात बायकोने मांजरीची पिल्लं आणली, माणसाळवायला. लाकडाच्या गोदामात जन्मलेली, माणूस दिसला की फिसकारणारी. बाकीची बघता बघता मांडीवर लोळू लागली आणि चांगल्या घरी गेली. राहिली राखाडी. ती लहान खोलीतल्या कपाटाखाली जी शिरली, ती कोणी आसपास असेपर्यंत बाहेर यायचं नावच घेईना.

"याच वयात हाताची सवय झाली तर होते," प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "नाहीतर पुन्हा गोदामात सोडावी लागेल." गोदामात कुत्री होती. राखाडीच्या आईला त्यांनीच संपवलं होतं. हे ऐकल्यापासून वायरमनच्या जिवाला घोर लागला होता.

आज पलीकडच्या गल्लीतल्या टेलरबाई राखाडीला बघायला येणार होत्या. वायरमनच्या सकाळपासून येरझाऱ्या चालू होत्या. घडीघडीला तो खोलीचं दार उघडी, पालथा पडून कपाटाखाली टॉर्च मारी, "ये गं बाळा," म्हणे, आणि ती येत नाही म्हटल्यावर उठून पुन्हा चालू लागे.

"अहो, तिला बघायला येताहेत, तुम्हाला नाही," बायको म्हणाली. "बसा की जरा."

"बसलोच आहे."

"उभ्याने?"

शेवटी त्याला राहवेना. त्याने कपाट पुढे ओढलं आणि राखाडीला मानगुटीला धरून उचललं. तिने त्याचं मनगट ओरबाडलं, उडी मारली आणि पुन्हा कपाटाखाली गडप झाली. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

टेलरबाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. वायरमनच्या अगदी जिभेवर आलं होतं, झोपलीय, लाजाळू आहे, न्या तुम्ही, होईल सवय. पण तसं नेलेलं पिल्लू आठवड्यात परत आलं तर?

"खरं सांगतो ताई," तो म्हणाला, "ती माणसाळलेली नाही. आणि आत्ताच मी घाई करून आणखी बिघडवून ठेवलंय. तुम्ही नको म्हणालात तर दोष माझा, तिचा नाही."

टेलरबाईंनी त्याच्या मनगटाकडे पाहिलं. "रक्त पुसा आधी. मला शर्टांना बटणं लावायचीत, ती इथे बसून लावते."

त्या कपाटाकडे सरळ तोंड न करता, तिरप्या होऊन जमिनीवर बसल्या. बायकोने खाण्याची वाटी त्यांच्याजवळ ठेवली. सुई चालू लागली. वायरमन दाराबाहेर चालत होता आणि मधूनमधून फटीतून विचारत होता, "आली का?"

"भाऊ," टेलरबाई मान न वळवता म्हणाल्या, "तुम्ही थांबलात की तिचं नाक बाहेर येतं. तुमची पावलं वाजली की आत जातं. मघापासून बघतेय."

वायरमनचा चेहराच उतरला. "म्हणजे माझ्यामुळे?"

"तुमची माया पायांत आहे," बायको हळूच म्हणाली. "तिला ती कशी कळणार? जा, जिन्यात बसा."

तो जिन्यात जाऊन बसला. उठला. पुन्हा बसला. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी खाली उतरता उतरता विचारलं, "किल्ली विसरलात?"

"नाही. हाकललंय."

"काय केलंत?"

"काहीच करायचं नाहीये आजोबा. तेच तर जमत नाही."

आजोबा हसत खाली गेले. कितीतरी वेळाने दार किलकिलं झालं. बायको बाहेर आली.

"खातेय," ती कुजबुजली. "बाईंच्या गुडघ्याला लागून. त्यांच्याकडे पाठ करून!"

भेदरलेलं पिल्लू माणसाकडे पाठ फिरवून खातं, म्हणजे त्याला त्या माणसाची भीती उरलेली नाही, हे आता वायरमनलाही कळत होतं. "उचलली त्यांनी?"

"नाही. म्हणाल्या, रोज शिवण घेऊन येईन. ती आपणहून मांडीवर आली की मगच नेईन."

"मग मी आत येऊ?"

"मुळीच नाही."

"उद्या?"

"त्या येतील तेव्हा तुम्ही बाहेर. रोज."

वायरमनने मान डोलावली. मग त्याने पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि आवाज न करता जिना उतरू लागला.