गायनाच्या बाईंची खुर्ची

बाळांनो, डोळे मिटा आणि एक लांबट खोली डोळ्यांपुढे आणा. भिंतीला टेकवलेली चाकं, ग्रीसचा वास आणि तीन टेबलांवर तीन संगणक. इथे व्हीलचेअर दुरुस्त होतात. काम करणारे तिघं: आई, मामा आणि मावशी. शिवाय आईची दहा वर्षांची मुलगी, भिंगरी. एका जागी बसेल तर शपथ!

ग्राहकांचे मेल तिघांनाही दिसत. जो पाही, तो उत्तर देई; दुसऱ्याने आधीच दिलंय का, हे मात्र कळत नसे. त्यातूनच घोटाळा झाला. गायनाच्या बाईंना मामाने कळवलं, खुर्ची सोमवारी देतो. मावशीने कळवलं, गुरुवारी. सोमवारभर बाई दाराशी वाट बघत बसल्या आणि त्यांच्या शिष्यांचा कार्यक्रम हुकला. "पुन्हा असं झालं तर दुसरं दुकान बघेन," त्यांनी लिहिलं. आईला ते फार लागलं. आजवर तिने दिलेला शब्द कधी मोडला नव्हता.

म्हणून ग्राहकांच्या नोंदी ठेवणारी दोन सॉफ्टवेअर तिने वापरून बघायला घेतली. पहिल्यात रंगीबेरंगी आलेख होते. मामा त्यांवर लट्टू झाला.

"पण यात मेल कुठे दिसतात?" भिंगरीने विचारलं.

"ते आपण आणून चिकटवायचे. दोन मिनिटांचं काम!"

"मामा, तू रोज डबा घरी विसरतोस."

मावशी फिस्सकन हसली.

"परीक्षाच घेऊ," भिंगरी म्हणाली. "मी ग्राहक होऊन मेल पाठवते, मामा उत्तर देईल. मग मावशीने कोणालाही न विचारता सांगायचं, काय कबूल केलंय ते."

पहिल्यात मावशी शोधून शोधून दमली. मामा मेल चिकटवायलाच विसरला होता.

"घाई झाली गं," तो कान खाजवत म्हणाला.

दुसरं दिसायला साधंच, पण मेलशी जोडलेलं. मामाचं उत्तर आपोआप त्या ग्राहकाच्या नावाखाली जाऊन बसलं. मावशीने लगेच वाचलं, "शुक्रवारी दुपारी तीनला. मामाने कळवलंय."

"हेच घ्यायचं," आई म्हणाली.

दुसऱ्याच आठवड्यात गायनाच्या बाईंचा मेल आला: "सकाळी दिलेली खुर्ची उद्या मिळेल ना? संध्याकाळी कार्यक्रम आहे." मावशीचा हात कळफलकाकडे गेला, तोच पडद्यावर दिसलं, मामा उत्तर लिहीत आहे. तिने हात मागे घेतला. उत्तर एकच गेलं: उद्या सकाळी दहाला.

त्याच दुपारी ट्यूब घेऊन आलेल्या टायरवाल्याला आई पडद्याकडे बोट दाखवत म्हणाली, "हे आमच्या लेकीने पारखून घेतलंय, बरं का!" तिची मान अशी ताठ झालेली भिंगरीने बऱ्याच दिवसांनी पाहिली.

कौतुक ऐकायला भिंगरी थांबली मात्र नाही. तिने टायरवाल्याच्या हातातली एक ट्यूब घेतली, कोपऱ्यातला पंप ओढला आणि बाईंच्या खुर्चीपाशी जाऊन बसली.